जुनी स्पोर्ट्स कार: विकत घेण्याचा खर्च आणि सांभाळण्याचा खर्च

भोपाळ शहरातील शाहपुरा तलावाच्या आसपासची वसाहत सुखवस्तू कुटुंबांची मानली जाते. तेथील एखाद्या घरासमोर उभी असलेली आठ-नऊ वर्षांची वेगवान मोटार आज म्हापसा किंवा मडगाव येथील तरुणाला मोबाइलवर पाहता येते, तिच्या मालकाशी बोलता येते आणि दोन दिवसांत सौदाही ठरवता येतो. वापरलेल्या वाहनांचा बाजार संकेतस्थळांवर आल्यापासून राज्यांच्या सीमा खरेदीदाराला अडवत नाहीत. गोव्यातील खरेदीदाराला तर आतल्या प्रदेशातील गाडीचे विशेष आकर्षण असते. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसलेल्या गाडीपेक्षा माळव्याच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीचा पत्रा कमी गंजलेला असेल, हा त्यामागचा तर्क चुकीचा नाही.

मात्र हा तर्क अर्धाच आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. नवी असताना पंचवीस लाखांची असलेली मोटार दहा वर्षांनी सहा-सात लाखांत मिळाली, तरी तिचा टर्बोचार्जर, गिअरपेटी आणि ब्रेक हे पंचवीस लाखांच्याच मोटारीचे राहतात. जुन्या स्पोर्ट्स कारचे बहुतेक सौदे फसतात ते याच एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे. म्हणून ‘गाडी किती रुपयांना मिळते’ याआधी ‘ती किती रुपयांत सांभाळता येते’ हा प्रश्न विचारायला हवा.

किंमत इतकी का घसरते?

विमा कंपन्या वाहनाचे मूल्य ठरवताना जे घसाऱ्याचे कोष्टक वापरतात, त्यावरून या घसरणीचा अंदाज येतो. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षभरात १५, दोन वर्षांत २०, तीन वर्षांत ३०, चार वर्षांत ४० आणि पाच वर्षांत ५० टक्के घसारा धरला जातो. पाच वर्षांनंतर मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. सर्वसाधारण कुटुंबाच्या मोटारीला जुन्या बाजारात भरपूर गिऱ्हाईक असते. दोन दरवाजांच्या, कमी उंचीच्या किंवा जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारीला ते नसते. गिऱ्हाईक कमी म्हणून भाव कमी. शिवाय दुरुस्तीच्या खर्चाची धास्ती घेतलेला मालक एखादे मोठे काम निघण्याच्या बेतात असतानाच गाडी विकायला काढतो, हेही वारंवार घडते.

कोणती गाडी निवडावी?

परदेशात परवडणारी स्पोर्ट्स कार म्हटले की माझदा एमएक्स-५ हे नाव पुढे येते. १९८९ मध्ये आलेल्या या दोन आसनी गाडीचे यश तिच्या साधेपणात आहे: टर्बो नसलेले इंजिन, हलके वजन आणि मुबलक सुटे भाग. भारतात ही गाडी विकली गेली नाही आणि तीन वर्षांहून जुनी मोटार आयात करण्यास परवानगी नसल्याने तो मार्गही बंद आहे. त्यामुळे भारतीय खरेदीदाराला येथे विकल्या गेलेल्या मोटारींतूनच निवड करावी लागते.

सुदैवाने तशा मोटारी आहेत आणि त्यांतील बऱ्याच महाराष्ट्रातील कारखान्यांत तयार झाल्या. चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनने २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आणली, १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात गतींची डीएसजी गिअरपेटी. पुण्याजवळच्या रांजणगाव येथे २०१५ मध्ये फियाट अबार्थ पुंटो तयार होऊ लागली, १.४ लिटरचे टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि दिल्लीतील शोरूमची किंमत ९ लाख ९५ हजार रुपये. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील स्कोडाच्या कारखान्याशी ऑक्टाव्हिया आरएस या नावाचा जुना संबंध आहे. २०१७ मध्ये आलेल्या तिच्या आवृत्तीत २ लिटरचे, २३० अश्वशक्तीचे इंजिन होते. २०१६ मध्ये सुमारे सव्वीस लाखांना आलेली तीन दरवाजांची, १९२ अश्वशक्तीची पोलो जीटीआय मात्र पूर्ण आयात केलेली होती.

निवडीची कसोटी सरळ आहे. ज्या गाडीचा सांगाडा रस्त्यावर हजारोंनी धावणाऱ्या साध्या गाडीशी समान आहे, ती सांभाळणे तुलनेने सोपे. अबार्थचे दरवाजे आणि काचा साध्या पुंटोच्याच आहेत. टर्बो इंजिनही त्याच घराण्यातील लिनिया टी-जेटमध्ये वापरलेले होते. म्हणून फियाटने भारतातील मोटारविक्री थांबवली असली, तरी ही गाडी पूर्णपणे अनाथ झालेली नाही. पण तिची चाके, ब्रेक आणि सस्पेन्शन यांचे काही भाग खास तिच्यासाठीचे आहेत व ते शोधावे लागतात. पोलोचे उत्पादन भारतात २०२२ मध्ये थांबले. तरी त्या गाडीची संख्या मोठी असल्याने तिचे भाग बराच काळ मिळत राहतील. आयात केलेल्या जीटीआयच्या बाबतीत असा भरवसा देता येत नाही. एन लाइनसारखी १२० अश्वशक्तीची ह्युंदाई आय-२० वेगात यांतील काहींच्या मागे असेल, पण तिचे भाग तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात.

याउलट टोकाचे उदाहरण सॅन स्टॉर्मचे. फायबरग्लासची काया आणि रेनोचे १.२ लिटरचे इंजिन असलेली ही भारतीय बनावटीची दोन आसनी गाडी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिची काया गंजत नाही, हे खरे. पण तिचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली आहेत. अशी गाडी घेणारा वाहन नव्हे, छंद विकत घेतो, आणि त्याच हिशेबाने त्याने पैसा व वेळ बाजूला ठेवायला हवा.

पाहणीत काय पाहावे?

शाहपुऱ्यातील गाडी छायाचित्रांवरून घेऊ नये. भोपाळला जाऊन, स्वतंत्र मेकॅनिकला सोबत घेऊन ती सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत साखळी खडखडल्यासारखा आवाज आला, तर टायमिंग चेनचा ताण सैल झाल्याचा संशय घ्यावा. पोलो जीटी टीएसआयच्या इंजिनात टायमिंग चेन आहे. अबार्थच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललेला नाही असेच समजून त्याचा खर्च किमतीतून वजा करावा. बेल्ट चालत्या इंजिनात तुटला, तर नुकसान बेल्टपुरते थांबत नाही.

निळसर धूर हा तेल जळत असल्याचा आणि न थांबणारा पांढरा धूर शीतक द्रव सिलिंडरमध्ये शिरत असल्याचा इशारा असतो. संगणकीय स्कॅनर लावून दोषांच्या नोंदी पाहाव्यात. पाहणीच्या आदल्याच दिवशी त्या पुसल्या गेल्याचेही स्कॅनरवरून बहुधा कळते. सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा. चारही आकडे जवळपास सारखे असणे महत्त्वाचे. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टीएसआय इंजिनांत आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण पेट्रोलने ते धुतले जात नाहीत. काही वर्षांनी तो साफ करावा लागतो. अबार्थच्या टी-जेट इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडे फवारले जात असल्याने ही अडचण तितकी येत नाही.

सात गतींच्या डीएसजी गिअरपेटीची परीक्षा गर्दीत घ्यावी. कोरड्या क्लचची ही पेटी मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या वाहतुकीत तापते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके बसत असतील किंवा रिव्हर्स पडायला वेळ लागत असेल, तर सौदा तेथेच थांबवलेला बरा. या पेटीतील कृत्रिम तेल बदलून खनिज तेल भरण्याची मोहीम फोक्सवॅगनला २०१३ मध्ये जगभर राबवावी लागली होती. मॅन्युअल गिअरची गाडी जुन्या बाजारात अधिक निर्धास्त मानली जाते, ती यामुळेच.

कोरड्या हवेने पत्रा वाचतो, पण रबर वाचत नाही. भोपाळच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे दरवाज्यांचे रबर, सस्पेन्शनचे बुश, रेडिएटरच्या नळ्या आणि डॅशबोर्ड यांना तडे गेलेले असू शकतात. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी शाबूत असली, तरी सहा वर्षे उलटलेल्या टायरवर वेगवान गाडी चालवू नये. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर मालकाने देखभालीत हात आखडता घेतला होता असे समजायला हरकत नाही. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र फिरवले, तर कोणता दरवाजा किंवा बॉनेट पुन्हा रंगवले आहे ते कळते.

कागदपत्रे: सौद्याचा नाजूक भाग

चेसिस क्रमांक गाडीवर स्वतः वाचावा आणि तो नोंदणी प्रमाणपत्राशी, विम्याशी व परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीतील नोंदीशी ताडून पाहावा. ही औपचारिकता नव्हे. २०२० च्या डिसेंबरमध्ये मुंबई पोलिसांनी डीसी अवंती या भारतीय बनावटीच्या स्पोर्ट्स कारच्या प्रकरणात कारवाई केली, ती एकाच गाडीची एकाहून अधिक ठिकाणी नोंदणी करून तिच्यावर कर्जे काढल्याच्या आरोपावरून. अशा गाडीचा तिसरा-चौथा खरेदीदार निर्दोष असला, तरी जप्तीचा फटका त्यालाच बसू शकतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी नेण्यासाठी मूळ नोंदणी प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यासाठीचा अर्ज नमुना २८ मध्ये करतात. भोपाळच्या गाडीचा क्रमांक ‘एमपी ०४’ ने सुरू होतो, तेव्हा हे प्रमाणपत्र भोपाळच्या परिवहन कार्यालयाकडून घ्यायचे. विक्रेत्याने विक्रीची सूचना नमुना २९ मध्ये द्यायची, खरेदीदाराने हस्तांतराचा अर्ज नमुना ३० मध्ये करायचा, आणि गोव्याचा क्रमांक मिळवण्यासाठी नमुना २७ भरायचा. गाडीवर कर्ज असेल, तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र आणि नमुना ३५ यांशिवाय पुढे जाऊ नये. खरेदीदाराने हस्तांतराची माहिती ३० दिवसांत देणे अपेक्षित आहे, तर दुसऱ्या राज्यात नेलेल्या वाहनाला बारा महिन्यांच्या पुढे जुन्या क्रमांकावर ठेवता येत नाही. पूर्ण रक्कम ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्यावरच द्यावी. आधी द्यायची ती फक्त विसाराची रक्कम, आणि तीही बँकेमार्फत.

विक्रेत्यासाठीही यात धडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की, सरकारी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल. गाडी विकून नाव तसेच ठेवणारा विक्रेता आणि नाव न बदलता ती चालवणारा खरेदीदार, दोघेही संकटाला आमंत्रण देतात. सौदा दलालामार्फत होत असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्याकडे प्राधिकृत विक्रेत्याचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे.

गोव्यात नव्याने नोंदणी करताना येथील रस्ता कर भरावा लागतो. तो गाडीचे मूल्य आणि वय यांवर ठरत असल्याने, सौद्यापूर्वीच पणजी, म्हापसा किंवा मडगाव येथील वाहतूक खात्याच्या कार्यालयातून नेमकी रक्कम विचारून घ्यावी. मध्य प्रदेशात भरलेल्या आजीवन कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागण्याचा प्रयत्न करता येतो. पण तो मिळेलच असे धरून अंदाजपत्रक बांधू नये. विम्याचे हस्तांतर १४ दिवसांत मागावे. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. फास्टॅगही जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेला असतो. तो बंद करून नवा घ्यावा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा विचार आधीच करावा. २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क ५ हजार, तर आयात केलेल्या मोटारीसाठी ४० हजार रुपये झाले.

शंभर रुपयांची विभागणी

खरेदीसाठी जमवलेली सगळी रक्कम गाडीवर खर्च करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. जवळ शंभर रुपये असतील, तर सत्तर रुपयांची गाडी पाहावी. दहा रुपये कर, नोंदणी, विमा आणि वाहतूक यांसाठी, दहा रुपये पहिल्याच महिन्यात करायच्या कामांसाठी आणि दहा रुपये राखीव. आठ लाखांचा खिसा असलेल्याने म्हणूनच साडेपाच लाखांच्या आसपासची गाडी शोधावी. स्वस्तातली बिघडलेली गाडी घेऊन ती सुधारण्यापेक्षा थोडी महाग पण पावत्यांसह सांभाळलेली गाडी घेणे शेवटी कमी खर्चाचे ठरते.

पहिल्या महिन्यातील कामे ठरलेली असतात: इंजिनचे तेल व फिल्टर, गिअरपेटीचे तेल, ब्रेकचे तेल, शीतक द्रव, स्पार्क प्लग, आणि पुरावा नसल्यास टायमिंग बेल्ट. त्यानंतर वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, इंजिनचे तेल बदलावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. गोव्यासारख्या दमट प्रदेशात ही मुदत ताणू नये. मोठे खर्च वर्षांवर वाटून पाहावेत. टायरचा संच चाळीस हजारांचा आणि चार वर्षे टिकणारा असेल, तर तो दरवर्षीचा दहा हजारांचा खर्च आहे. ही रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकणाऱ्याला टायर बदलताना धक्का बसत नाही.

विम्यातील एक बारकावा अनेकांना दावा करतानाच कळतो. घसारा वजा करणाऱ्या साध्या पॉलिसीत रबर व प्लास्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. आजच्या मोटारीचा बंपर प्लास्टिकचा असतो, आणि खास आवृत्तीचा बंपर महाग असतो. घसारा न धरणारे संरक्षण बहुधा गाडीच्या पहिल्या काही वर्षांपुरतेच मिळते. म्हणजे जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला किरकोळ धडकेतही खिशातून बरेच भरावे लागते.

गोव्याच्या हवेत

भोपाळहून आलेल्या गाडीचा कोरा पत्रा गोव्यात कोरा ठेवायचा, तर पहिल्या पावसापूर्वी गाडीच्या तळाला गंजरोधक लेप द्यावा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी तळाचा भाग नियमितपणे गोड्या पाण्याने धुवावा. हवा न खेळणारे प्लास्टिकचे आच्छादन ओलावा कोंडून ठेवते. त्यापेक्षा छपराखाली उघडी गाडी बरी. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकच्या तबकड्या गंजतात आणि उंदीर तारा कुरतडतात. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे तरी ती चालवावी.

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता २० टक्क्यांवर आले आहे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या १० टक्के मिश्रण गृहीत धरून बनवलेल्या आहेत. त्यांच्या इंधननळ्या आणि रबरी सील वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. पेट्रोलचा वास आला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. टर्बो इंजिनासाठी कंपनीने जास्त ऑक्टेनचे पेट्रोल सुचवले असेल, तर तेवढी काटकसर करू नये. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवले, तर टर्बोचे आयुष्य वाढते.

मोह होतो तो गाडीत बदल करण्याचा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, रुंद चाके, संगणकीय फेरफार करून वाढवलेली शक्ती. कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तिला दुजोरा दिला आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी वाढवलेली शक्ती गिअरपेटी आणि क्लच यांच्या आयुष्यातून वसूल होते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. आधीच्या मालकाने असे बदल केलेली गाडी स्वस्त मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे ते समजून घ्यावे.

वेगाचा प्रश्न वेगळा. मध्य प्रदेशातच, इंदूरजवळच्या पीथमपूर येथे ११.३ किलोमीटर लांबीची वेगवान चाचणी धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली. अशा गाड्यांची खरी ताकद पाहण्याची जागा ती आहे. गोव्याचे अरुंद, वळणांचे, गुराढोरांचे आणि दुचाकींनी गजबजलेले रस्ते त्यासाठी नाहीत. येथे स्पोर्ट्स कारचा आनंद चोर्ला किंवा अनमोड घाटातील एखाद्या पहाटेच्या, मर्यादित वेगातील वळणातच मिळू शकतो, आणि जाणकार चालकाला तेवढा पुरतो.

शाहपुऱ्याला जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: त्या गाडीचे सर्वांत महाग पाच सुटे भाग आणि त्यांचे आजचे दर, गोव्यात ती दुरुस्त करू शकणाऱ्या दोन कार्यशाळांची नावे, आणि गाडी घेतल्यानंतर हाती उरणारी रक्कम. पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा निघाला, तर भोपाळचे तिकीट काढण्याची घाई करू नये. अशी दुसरी गाडी बाजारात पुन्हा येतेच. बुडालेली बचत मात्र तितक्या सहज परत येत नाही.